हात गुंतलेले, तोंड मोकळं : लाइव्हला कुठला गेम लावायचा

२०२१ च्या जुलैत बीजीएमआय हा फोनवरचा गोळीबाराचा गेम आला आणि त्याच आठवड्यात मी यूट्यूबवर लाइव्ह सुरू केलं, म्हणजे मी खेळायचं आणि लोकांनी बघायचं. पहिल्या रात्री तीन जण बघत होते. एक फोन माझ्या भावाचा, दुसरा माझाच, आवाज जातोय का ते तपासायला लावलेला. तिसरा कोण होता ते अजून कळलेलं नाही, कारण तो काही बोललाच नाही. बोलणार तरी कशावर? मीच बोलत नव्हते. कानात पावलांचे आवाज, दात आवळलेले, आणि वीस मिनिटांत माझ्या तोंडून आलेले एकूण शब्द तीन: "अरे", "थांब" आणि "मेले".

मी शिरोळ तालुक्यातली. दिवसा कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग आणि एक्सेल शिकवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री साडेनऊ ते साडेअकरा मराठीतून लाइव्ह करते. चाळीस-पन्नास माणसं असतात, म्हणजे मोठं काही नाही. पण तीच माणसं परत येतात आणि आली की बसतात. त्यामुळे नवी पोरं-पोरी विचारतात, "ताई, मी कुठला गेम लावू?" प्रत्येकाला तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

तुम्हाला खेळायला आवडतो तो गेम दाखवायलाही चांगला असेलच असं नाही. माझा भाऊ कॅरम फार सुंदर खेळतो, पण खेळताना तोंडातून शब्द काढत नाही. त्याच्या शेजारी बसून दोन तास कोण बघेल? लाइव्हच्या गेमला फटी लागतात. हात कामात, डोळे स्क्रीनवर, आणि तोंड मोकळं, अशा दहा-वीस सेकंदांच्या फटी. त्या फटीत तुम्ही चॅट वाचता, कुणाला नावाने हाक मारता, आज क्लासमध्ये काय झालं ते सांगता. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममध्ये मला फट मिळायची ती मेल्यावर, राउंड संपेपर्यंत. मी सारखी मरायचे, त्यामुळे तशी बरीच बोलायचे, पण हा काही धंद्याचा मार्ग नव्हे.

फटी मोजायची माझी पद्धत सोपी आहे. गेम लाइव्हवर नेण्याआधी ओबीएस या पडदा रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये चाळीस मिनिटं नुसतं रेकॉर्डिंग करते. समोर माणसं आहेत असं समजून बोलायचं. पहिल्यांदा येड्यासारखं वाटतं, घरचे दारातून डोकावतात, चालायचंच. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. मी भाजी निवडताना ऐकते. जिथे मी सलग मिनिटभर गप्प, तिथे वहीत एक रेघ. व्हॅलोरंटच्या अकरा रेघा आल्या. फार्मिंग सिम्युलेटर या शेतीच्या गेमच्या दोन, त्यातली एक तर आईने जेवायला बोलावलं तेव्हाची. पाचच्या वर रेघा आल्या की तो गेम मी एकटीच खेळते, लाइव्हला नेत नाही.

ऐकून तपासायचं कारण असं की आपल्याकडची निम्मी माणसं लाइव्ह बघतच नाहीत, ऐकतात. नाइट ड्यूटीवरची एक ताई आहे, होस्टेलवर कपडे धुणारी दोन पोरं आहेत. न्यू जर्सीचे एक काका आहेत, त्यांची तेव्हा दुपार असते. ते डबा खाताना मला लावून ठेवतात. नुसत्या आवाजावर काय चाललंय ते त्यांना कळलं पाहिजे.

पैशाचंही याच चाचणीत उरकतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. चाळीस मिनिटांची चाचणी त्यात आरामात बसते. एपिक या दुसऱ्या दुकानात दर गुरुवारी रात्री काहीतरी फुकट येतं, तेही उचलून ठेवा. नाही आवडलं तर काढून टाकायचं. सेलमध्ये दहा गेम घेऊन ठेवायचा मोह मात्र टाळा. माझ्याकडे असे सहा पडून आहेत.

आता फार्मिंग सिम्युलेटरचं सांगते, कारण माझं चॅनल चाललं ते त्याच्यावर. जायंट्स सॉफ्टवेअर नावाची स्वित्झर्लंडमधली कंपनी हा गेम बनवते. बहुतेक यंत्रं तिकडची, शेतं आडवी-तिडवी मोठी, आणि पिकांत चक्क ऊस. शिरोळच्या पोरीने ऊस लावायचा नाही तर काय लावायचं? एका बुधवारी मी लागण सुरू केली, आणि मागून बाबा येऊन उभे राहिले. माइक चालू होता.

"पाणी कुठनं पाजतीस?"

म्हटलं, बाबा, गेममध्ये उसाला पाणी पाजावं लागत नाही.

"लागण केलीस आन् पाणी न्हाई? मग ह्यो ऊस हाय का निवडुंग?"

चॅट पेटलं. त्या रात्री पहिल्यांदा बघणाऱ्यांचा आकडा शंभरच्या वर गेला. पुढे तोडणी झाली आणि ऊस आपोआप परत फुटला, गेममध्ये तसंच आहे. चॅटमध्ये सगळ्यांनी एकच शब्द टाइप केला: खोडवा! किती खोडवे घ्यायचे यावर वीस मिनिटं वाद झाला. सांगलीचा एक जण म्हणे दुसऱ्या खोडव्यानंतर मोडायचाच, इस्लामपूरचा म्हणे तिसरा पण परवडतो. मी नुसती ट्रॅक्टर वळवत होते. २०२४ च्या नोव्हेंबरात नवी आवृत्ती आली, त्यात भात आला आणि म्हशीही आल्या. भाताच्या वाफ्यात पाणी सोडावं लागतं हे बाबांनी पाहिलं आणि ते खरंच चिडले. "भाताला पाणी हाय, उसाला न्हाई! कोकणातल्यानं केलाय वाटतं गेम."

म्हणून सगळ्यांनी फार्मिंगच लावावं असं मी म्हणत नाही. तुमच्या प्रेक्षकाला ज्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं असा गेम शोधा. त्याला तुम्हाला शिकवायला मिळालं की तो जागचा हलत नाही. तुमच्या घरात ट्रकचा धंदा असेल तर युरो ट्रक सिम्युलेटर २ लावा. २०१२ चा जुना गेम आहे, हलक्या लॅपटॉपवरही चालतो. क्लच-गिअरवरून बोलणी खायला तयार राहा. क्रिकेटचा लावलात तर फील्डिंग कशी लावायची ते चॅट सांगेल, आणि तुम्ही कशीही लावलीत तरी चूकच असेल.

मराठीत लाइव्ह करणाऱ्यांसाठी जिओगेसर हा एक हुकमी गेम आहे. गुगलच्या स्ट्रीट व्ह्यूमधली कुठलीतरी जागा समोर येते आणि नकाशावर ती कुठे आहे ते ओळखायचं. २०२२ पासून भारतातले रस्ते स्ट्रीट व्ह्यूत आले, पहिल्या यादीत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरही होतं, त्यामुळे अधूनमधून आपली जागा येते. दुकानाची पाटी देवनागरी आहे, पण हिंदी की मराठी? पाटीवर 'ळ' शोधायचा. 'फळे', 'शाळा' दिसलं की बोट महाराष्ट्रावर. माझ्या चॅटने एकदा नुसत्या लाल एसटीच्या मागच्या भागावरून महाराष्ट्र ओळखला, आणि मग आगार कुठलं यावर भांडण सुरू झालं. यात बघणाऱ्याचं काम बोलायचं आणि तुमचं नकाशावर टाचणी टोचायचं. एक काळजी मात्र घ्या. आपलं गाव, गल्ली, घरासमोरचं दुकान असं बोलण्याच्या ओघात सांगून बसू नका. मी तालुका सांगते, पुढे नाही. मुलींनी तर हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवावं.

बुद्धिबळ हा दुसरा. लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि कुठल्याही डबड्या मशीनवर चालतं. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या पोरींमध्ये बुद्धिबळ विचारणाऱ्या वाढल्या. घोडा, उंट, हत्ती, वजीर असं मराठीत बोलत खेळलं की आजोबा लोकही थांबतात. फक्त पाच मिनिटांचे डाव लावू नका, तोंड बंद होतं. पंधरा मिनिटांचे लावा.

आणि ज्यांना नकला जमतात त्यांनी भरपूर संवाद असलेले गेम घ्यावेत. इंग्रजी वाक्य पडद्यावर आलं की तिथल्या तिथे मराठीत म्हणायचं, दुकानदाराला मालवणी, राक्षसाला पुणेरी. पुणेरी राक्षस अत्यंत नम्रपणे अपमान करतो. हे करायचं असेल तर संवाद बटण दाबल्यावरच पुढे सरकतात असा गेम बघा. आपोआप सरकणारे असतील तर धाप लागते. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' काढला, प्राचीन भारताच्या वातावरणातला. तो छोटा आहे, दोन-तीन रात्रींत संपतो. आपल्याकडच्या लोकांनी केलेला गेम म्हणून चॅट त्याच्याकडे जरा प्रेमाने बघतं.

आता रुक्ष भाग. मशीन आणि नेट.

गेम चालणं वेगळं आणि गेम चालत असताना लाइव्ह जाणं वेगळं. मशीनला दोन्ही कामं एकदम करायची असतात. गेम एकट्याने सेकंदाला जेमतेम तीस फ्रेम (चित्रं) देत असेल तर तो लाइव्हसाठी नाहीच, सेटिंग कितीही खाली आणा. अपलोडचा हिशोबही करून ठेवा. ७२० पीला मी ४ एमबीपीएस धरते, म्हणजे तासाला जवळपास १.८ जीबी. फायबर गेला आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आलात तर रोजचा दोन जीबीचा पॅक तासाभरात संपला. बुद्धिबळाला मी २.५ वर आणते, काही बिघडत नाही, कारण पटावर हलतं काय? एक प्यादं. याउलट पानं, गवत, पाऊस, अंधार यांनी चित्राचे चौकोन होतात. उसाच्या फडातून ट्रॅक्टर जोरात नेला की माझ्याकडे हिरवा चिखल दिसतो, म्हणून मी हळू चालवते. भुताच्या गेमांना अंधाराचाच त्रास. भूत आलं ते चॅटला माझ्या किंकाळीवरून कळतं.

वीज हाही निकष आहे, शहरवाल्यांनी हसू नये. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला तोवर माझे तीन डाव असेच गेले. म्हणून मी विचारते: हा गेम मधेच थांबवता येतो का? कुठेही सेव्ह होतो का? दार वाजलं, आईने हाक मारली, लाइट गेली, तर काय? ऑनलाइन मॅच थांबत नाही. सोबतची चार माणसं शिव्या देतात आणि त्याही लाइव्ह जातात. यावरून आठवलं. अनोळखी लोकांच्या माइकचा गेम असेल तर टीमचा आवाज प्रसारणातून काढूनच टाका. मुलीचा आवाज ऐकला की काही जणांच्या तोंडाचं गटार होतं. ते माझ्या चॅनलवरून नाइट ड्यूटीच्या ताईच्या कानात जावं असं मला वाटत नाही.

गाण्यांचं प्रकरण मला फार उशिरा कळलं. ट्रॅक्टरमध्ये रेडिओ असतो, तो चालू राहिला, आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर दोन कॉपीराइटचे दावे. चूक माझीच होती, सेटिंगमध्ये रेडिओ बंद करायला दहा सेकंद लागतात. जीटीएमध्ये गाडीत बसलं की खरी, गाजलेली गाणी लागतात, तिथे तर पहिल्यांदा तेच बंद करायचं. सायबरपंक २०७७ सारख्या काही गेमांमध्ये लाइव्हवाल्यांसाठी अशी गाणी काढून टाकायची वेगळी सोय असते. कथेच्या गेमांत कंपनीचे नियमही बघा. २०१७ मध्ये पर्सोना ५ च्या कंपनीने ठरावीक टप्प्यापुढची कथा लाइव्ह दाखवायला मनाई केली होती, ओरड झाल्यावर तो टप्पा बराच पुढे सरकवला. गेमच्या नावापुढे 'स्ट्रीमिंग पॉलिसी' टाकून शोधलं की पाच मिनिटांत कळतं.

गर्दीचा विचार कसा करायचा? तुम्ही ज्या वेळी लाइव्ह जाणार त्याच वेळी, तीन वेगवेगळ्या दिवशी, यूट्यूबवर गेमचं नाव आणि पुढे 'मराठी' असं शोधा. देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्हीकडे, कारण बहुतेक जण रोमनमध्येच टाइप करतात. गाळणीत (फिल्टरमध्ये) लाइव्ह निवडा. वीस जण दिसले तर तुम्ही एकविसावे, तळाला. एकही दिसला नाही तर दोन अर्थ निघतात: जागा मोकळी आहे, किंवा हा गेम कुणाला नकोच आहे. तेव्हा त्या गेमचे मराठी किंवा हिंदी जुने व्हिडिओ किती बघितले गेलेत ते पाहा. व्हिडिओ चालतात पण लाइव्ह कुणी करत नाही, असा गेम सापडला की सोडू नका.

आणि एकाच गेमवर घर बांधू नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर या फोनवरच्या गेमवर बंदी आली, जुलैत बीजीएमआय स्टोअरमधून गेला तो २०२३ च्या मे महिन्यातच परतला. माझ्या ओळखीच्या दोघांनी त्या दहा महिन्यांत चॅनल बंद केलं. लोक त्यांना बघायला येत नव्हते, गेम बघायला येत होते, हे त्यांना तेव्हाच कळलं.

प्रेक्षकांसोबत खेळायचं असेल तर आधी विचारा की त्यांच्या हातात काय आहे. फोन आहे. माइनक्राफ्टची माझी मोठी योजना इथेच फसली. माझ्याकडे जावा आवृत्ती, फोनवाल्यांकडे बेडरॉक, दोघांची आपसात सरळ गाठ पडत नाही. अमंग अस, म्हणजे आपल्यातला लपलेला खुनी ओळखायचा गेम, फोनवर फुकट आहे, एका खोलीत पंधरा जण बसतात, आणि संशयी स्वभाव आपल्याकडे मुबलक. फक्त खोलीचा कोड पडद्यावर झाका आणि लाइव्ह थोडं उशिराने जाऊ द्या, नाहीतर तुम्ही खुनी आहात हे तुमच्याच चॅनलवर बघून तुम्हाला बाहेर काढतील. ते सगळ्यात हुशार असल्याचा आवही आणतील.

एका रात्रीचे गेम वेगळे ठेवा. कढईत बसलेला माणूस हातोडीने डोंगर चढतो तो 'गेटिंग ओव्हर इट' २०१७ पासून लोक खेळतायत. पडलात की थेट खाली. तुमची फजिती बघायला गर्दी जमते, पण दुसऱ्या रात्री तीच फजिती कुणाला नको असते. सणासुदीला, पाहुणे येणार असतात तेव्हा, किंवा आकडा फारच खाली आला की असा एखादा काढायचा.

थोडे सबस्क्रायबर झाले की मेल येऊ लागतात: हा रमीचा अॅप लावा, हा रंग ओळखायचा लावा, एका रात्रीचे इतके देऊ. मला आलेला आकडा माझ्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर बंदी आहे, आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यालाही तुरुंग आणि लाखांतला दंड आहे. कायदा नसता तरी मी लावला नसता. आमच्या गल्लीत एकाची मोटरसायकल गेलेली मी पाहिली आहे.

गेम कधी सोडायचा हे वहीतल्या रेघाच सांगतात. दर महिन्याला एक जुनं लाइव्ह भाजी निवडताना ऐकते. रेघा वाढल्या, किंवा मी तेच तेच बोलतेय असं लक्षात आलं, की तो गेम महिनाभर बाजूला. त्याच्या जागी काय, हे चॅटला विचारते, पण मोकळं विचारत नाही. "काय खेळू?" म्हटलं की चाळीस माणसं चाळीस नावं देतात आणि एकोणचाळीस रुसतात. दोनच पर्याय द्यायचे, दोन्ही चाचणीत पास झालेले. गेल्या शुक्रवारी ऊस की बुद्धिबळ असं ठेवलं होतं. सात मतांनी ऊस जिंकला. त्यात बाबांच्या नव्या अकाउंटचं एक मत होतं, आणि दुसरं आईच्या फोनवरून त्यांनीच दिलेलं.